टायमिंग बेल्ट बदलताना कॅमशाफ्टची जुळणी : हाताने फिरवून पाहण्याचा पाठ

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असतो, आठवणी असतात, गुणवंतांचा गौरव असतो. त्यांच्या पंगतीत एका हस्तकौशल्याचा पाठही असावा, असे आम्हांस वाटले. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडणारी सर्वच मुले डॉक्टर, वकील वा अधिकारी होत नाहीत. कितीतरी जण आयटीआयच्या वाटेने गॅरेजात, आगाराच्या कार्यशाळेत, कारखान्यात कामास लागतात. त्यांच्या कामात बुद्धी किती लागते, विवेक किती लागतो आणि एका क्षणाच्या निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या संसारावर कसा घाला पडतो, हे समाजाला सांगितले जात नाही. पालकांनाही ते ठाऊक नसते, म्हणून ‘मुलगा शेवटी मेकॅनिकच झाला’ असे खालच्या आवाजात बोलले जाते.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’विषयीच्या निबंधात श्रमांची वाटणी आणि श्रमिकांची उतरंड यांतील भेद उघड केला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांनी मजूर खाते सांभाळले. हाताने काम करणारा माणूस आणि डोक्याने काम करणारा माणूस असे दोन वेगळे माणूस नसतात, ही जाणीव आपल्या चळवळीच्या मुळाशी आहे. त्या जाणिवेची साक्ष एखाद्या भाषणापेक्षा प्रत्यक्ष कामातूनच अधिक चांगली पटते. म्हणून येथे आम्ही एकच काम निवडले आहे : इंजिनाचा टायमिंग बेल्ट बदलताना कॅमशाफ्ट जुळवणे.

इंजिनातील जागेची आणि वेळेची वाटणी

प्रथम रचना समजून घेऊ. सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होतो. त्याची ही हालचाल क्रँकशाफ्ट या खालच्या दांड्याला फिरवते आणि त्या फिरण्यावर गाडी चालते. सिलिंडरच्या माथ्यावर झडपा असतात. काही झडपा हवा किंवा हवा-इंधनाचे मिश्रण आत घेतात, काही जळलेला धूर बाहेर सोडतात. या झडपा उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. त्याच्या दांड्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा आला की झडप खाली दाबली जाऊन उघडते. तो सरकला की स्प्रिंगच्या जोराने झडप मिटते.

चार धावांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. म्हणून कॅमच्या दातेरी चाकाला क्रँकच्या दातेरी चाकाच्या दुप्पट दाते असतात. क्रँक मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर तो सेकंदाला ५० फेरे घेतो, कॅम २५ फेरे घेतो आणि प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते व मिटते. आजच्या अनेक इंजिनांत दोन कॅमशाफ्ट असतात : एक आत घेणाऱ्या झडपांचा, दुसरा बाहेर सोडणाऱ्या झडपांचा. चार सिलिंडरांच्या अशा इंजिनात बहुधा सोळा झडपा असतात.

आता या पाठाचा कणा असलेली गोष्ट सांगतो. पुष्कळ इंजिनांत उघडलेली झडप जेथवर खाली येते, तेथवरच दट्ट्याही वर येतो. जागा एकच आहे, वापरणारे दोघे आहेत. झडप आपल्या वेळी येते आणि निघून जाते, मग दट्ट्या येतो. वसतिगृहात एकाच न्हाणीघराचा वापर घंटेच्या हिशोबाने आळीपाळीने चालतो, तसाच हा व्यवहार आहे. घंटा चुकली तर वसतिगृहात फार तर भांडण होईल. इंजिनात दट्ट्या झडपेवर आदळतो, झडपा वाकतात, प्रसंगी दट्ट्यालाही इजा होते. अशा इंजिनास इंग्रजी पुस्तकांत ‘इंटरफिअरन्स’ इंजिन म्हणतात. क्रँक आणि कॅम यांना एकाच वेळेत बांधून ठेवणारा दुवा म्हणजे टायमिंग बेल्ट, तो दातेरी पट्टा.

साखळीकडून पट्ट्याकडे

जुन्या अ‍ॅम्बॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी गाड्यांत कॅमशाफ्ट खाली, इंजिनाच्या ठोकळ्यातच असे. तो एका आखूड साखळीने फिरे आणि उभ्या काड्यांच्या साहाय्याने वरच्या झडपा उघडी. कॅमशाफ्ट माथ्यावर नेल्यावर त्याच्यापर्यंत गती पोहोचवण्यासाठी लांब दुवा लागू लागला. साखळीस तेल हवे, तिचा आवाज होतो, वजनही असते. १९६२ साली पश्चिम जर्मनीतील ग्लास कंपनीच्या एस १००४ या मोटारीत रबरी दातेरी पट्टा या कामी वापरला गेला. इटलीच्या फियाट कंपनीसाठी ऑरेलिओ लाम्प्रेदी या अभियंत्याने रचलेले दोन कॅमशाफ्टांचे इंजिन १९६६ साली आले. त्यातही पट्टाच होता. आपल्याकडे घराघरांत पोहोचलेल्या मारुती ८०० च्या ७९६ सीसी, तीन सिलिंडरांच्या इंजिनात एकच कॅमशाफ्ट होता आणि तो पट्ट्यानेच फिरे.

पट्टा हलका, कमी आवाजाचा आणि तेलाविना चालणारा. परंतु तो रबराचा आहे. त्याच्या पोटात काचतंतूंच्या दोऱ्या असतात, त्या त्याला लांब होऊ देत नाहीत. दात्यांवर नायलॉनच्या कापडाचे आवरण असते, ते झीज रोखते. उष्णतेने आणि वयाने रबर कडक होते, भेगाळते. गळके ऑइल सील असेल तर तेलाने पट्टा फुगतो आणि दाते सुटू लागतात. म्हणूनच प्रत्येक निर्माता पट्टा बदलण्याची मर्यादा किलोमीटर आणि वर्षे या दोन्हींत देतो आणि त्यांपैकी जी आधी येईल ती पाळायची असते. वर्षभर अंगणात उभी असलेली गाडी धावत नसली, तरी तिचा पट्टा म्हातारा होतच असतो. वरून पाहता तो धडधाकट दिसेल. आतील दोरी कमजोर झाल्याचे डोळ्यांना दिसत नाही.

काम हाती घेण्यापूर्वी

काम आरंभण्याआधी त्या इंजिनाची दुरुस्ती-पुस्तिका समोर असली पाहिजे. ‘सगळी इंजिने सारखीच’ हे वाक्य गॅरेजातील सर्वांत महाग वाक्य आहे. प्रत्येक इंजिनाच्या खुणा, ताण देण्याची रीत आणि बोल्ट कसण्याचे माप वेगळे असते. काही बोल्ट एकदा कसले की ताणले जातात, ते पुन्हा वापरायचे नसतात.

बॅटरीची ऋण तार सोडावी. गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर टेकवावी. बाहेरचा, म्हणजे अल्टरनेटर व एसीचा पट्टा काढावा. आडव्या बसवलेल्या इंजिनात एका बाजूचे माउंटिंग बहुधा काढावे लागते. तेव्हा तेलाच्या टाकीखाली लाकडी ठोकळा देऊन इंजिनाला आधार द्यावा. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग काढून ठेवावेत. सिलिंडरातील हवेचा दाब मोकळा झाला की क्रँक हाताने सहज आणि नेमका फिरतो. या सहजतेचे मोल पुढे कळेल.

मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून, इंजिन नेहमी ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरवत, पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या वरच्या टोकाला आणावा. यास टॉप डेड सेंटर किंवा टीडीसी म्हणतात. नेहमीची दिशा कोणती, हेही गृहीत धरू नये. पट्ट्याच्या बाजूने पाहता बहुतेक इंजिने घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात, पण होंडाची अनेक जुनी इंजिने उलट फिरतात.

खुणा आणि त्यांचे फसवेपण

क्रँकच्या चाकावर एक खूण असते, तिच्यासमोर ठोकळ्यावर दुसरी. कॅमच्या चाकांवरही खुणा असतात. काही इंजिनांत दोन्ही कॅमच्या खुणा एकमेकींसमोर येतात, काहींत दोन्ही वर येतात, काहींत मागच्या आवरणावरील रेघेशी जुळतात. जुना पट्टा जागेवर असतानाच या सर्व खुणा जुळलेल्या पाहाव्यात, त्यांचे छायाचित्र घ्यावे आणि दोन कॅमच्या खुणांमध्ये पट्ट्याचे किती दाते आहेत ते मोजून लिहून ठेवावे.

येथे तीन फसगती संभवतात.

पहिली : क्रँकच्या बाहेरील मोठ्या पुलीवर जी खूण असते, ती पट्ट्याच्या दातेरी चाकावरील खूण नव्हे. पुष्कळ पुल्यांत आतील आणि बाहेरील कडी यांच्यामध्ये रबर असते. जुने झालेले रबर सुटले तर बाहेरील कडी आपल्या जागेवरून सरकते आणि तिच्यावरील खूण खोटे बोलू लागते. म्हणून पुली काढून आतील दातेरी चाकाची खूण पाहावी.

दुसरी : पाहण्याचा कोन. तिरपे पाहिले तर एका दात्याचा फरक डोळ्यांना जाणवत नाही. फळ्यावरील रेघ बाजूच्या बाकावरून वाकडी दिसते, तसेच हे आहे. खुणेसमोर डोळा नेऊन, आरशाची गरज असेल तर आरसा धरून पाहावे.

तिसरी : ‘हे टीडीसी योग्य की एक फेरा चुकलेले?’ ही शंका नवशिक्याला छळते. चार धावांच्या चक्रात दट्ट्या दोनदा वर येतो, हे खरे. परंतु क्रँकला त्यांतील भेद ठाऊक नसतो. भेद ठरवतो तो कॅम. दोन्ही कॅम आपापल्या खुणांवर असतील आणि क्रँक टीडीसीवर असेल, तर जुळणी बरोबरच आहे. डिझेल इंजिनात इंधनपंपही याच पट्ट्यावर असेल, तर त्याच्यासाठी पुस्तिकेत काय सांगितले आहे ते वेगळे पाहावे लागते.

एक दात चुकणे म्हणजे नेमके किती? समजा, क्रँकच्या चाकाला २० दाते आहेत आणि कॅमच्या चाकाला ४०. तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८ अंश. झडपेची वेळ क्रँकच्या हिशोबाने १८ अंशांनी सरकली. इतक्या चुकीने बऱ्याचदा इंजिन चालूही होते, पण जोर कमी, धक्के, इंधनाचा खप जास्त आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा. मालक महिनोन्‌महिने इंजेक्टर, सेन्सर, प्लग बदलत राहतो, कारण इंजिन तर चालते आहे. चूक याहून अधिक दात्यांची असेल, तर पहिल्याच स्टार्टला झडपा वाकू शकतात. किती दात्यांनंतर टक्कर होते, हे इंजिनागणिक बदलते. म्हणून ‘एक दात चालतो’ असा हिशोब करणेच गैर आहे.

कॅम जागेवर का राहत नाही

पट्टा काढला की कॅमशाफ्ट मोकळा होतो. त्याच्या उंचवट्यांवर झडपांच्या स्प्रिंगा रेटा देत असतात. एखादा उंचवटा शिखराच्या जवळ असेल तर स्प्रिंग त्याला उतारावर ढकलते आणि कॅम एकाएकी झटक्याने फिरतो. दोन कॅम असतील तर दोघे दोन दिशांनाही उडी घेऊ शकतात. म्हणून पट्टा काढण्याआधी कॅम आणि क्रँक दोन्ही त्या इंजिनासाठी बनवलेल्या साधनाने जागेवर धरून ठेवावे लागतात. हे साधन जागा दाखवण्यासाठी आहे, जोर सोसण्यासाठी नाही. कॅमच्या चाकाचा बोल्ट सोडताना किंवा कसताना चाक वेगळ्या पकडीने धरावे. अडकवलेल्या पिनवर जोर टाकला तर पिन वाकेल किंवा कॅमचे टोक तुटेल.

कॅम निसटलाच तर घाईने परत फिरवू नये. दट्ट्या वर असताना कॅम फिरवला की झडप त्याच्यावर टेकते. चार सिलिंडरांच्या नेहमीच्या इंजिनात क्रँक टीडीसीपासून ९० अंश मागे नेला की चारही दट्ट्या सिलिंडरच्या मध्याजवळ येतात आणि झडपांना खाली जागा मिळते. मग कॅम हळूहळू आपल्या खुणेवर आणावेत आणि त्यानंतरच क्रँक पुन्हा टीडीसीवर आणावा. कोणी कोणासाठी आधी वाट सोडायची, हा क्रम येथे सर्वस्व आहे.

किल्ली नसलेले चाक

खुणांवर विसंबण्याची सवय किती अपुरी आहे, हे एका इंजिनाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. २०१२ साली भारतात आलेल्या रेनॉ डस्टरच्या १.६ लिटर पेट्रोल इंजिनाचे कारखान्यातील नाव के४एम. दोन कॅमशाफ्ट, सोळा झडपा. यात कॅमची जागा चाकावरील खुणेने ठरत नाही. दोन्ही कॅमशाफ्टांच्या गिअरबॉक्सकडील टोकांना एकेक खाच असते. तेथील बुचे काढून पाहावे लागते. दोन्ही खाचा आडव्या आणि मध्यरेषेच्या किंचित खाली असतील तेव्हा कॅम योग्य जागी असतात. मग त्या खाचांत सपाट पट्टी बसवून दोघांना अडवतात. क्रँकसाठी ठोकळ्यात एक पिन घालतात आणि क्रँक त्या पिनवर अलगद टेकवतात. काढलेली बुचे पुन्हा न वापरता नवी बसवतात.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. पुष्कळ इंजिनांत क्रँकच्या दातेरी चाकात एक लहान किल्ली बसवलेली असते. ती चाकाला दांड्यावर सरकू देत नाही. या इंजिनात क्रँकचे चाक किल्लीने नव्हे, केवळ बोल्टच्या दाबाने आणि दोन पृष्ठभागांच्या घर्षणाने धरले जाते. त्यामुळे क्रँकचे टोक, चाकाचे आतील छिद्र आणि पुलीचा टेकणारा भाग अगदी कोरडे, तेलरहित असावे लागतात. तेथे तेलाचा पातळ थर राहिला तर बोल्ट मापानुसार कसलेला असूनही चाक घसरू शकते; आणि ते घसरले की सगळी जुळणी क्षणात मोडते. ज्याने आयुष्यभर ‘बसवण्यापूर्वी तेलाचा हात फिरवावा’ असे ऐकले आहे, त्याचा हात येथे सवयीने चुकतो. उस्तादाने सांगितलेले दहा इंजिनांत खरे असते, अकराव्यात घातक ठरते.

नवा पट्टा चढवणे

नव्या पट्ट्याबरोबर टेन्शनर आणि आयडलर ही फिरती चाकेही नवी घालावीत. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर चालत असेल तर तोही बदलणे शहाणपणाचे, कारण मजुरी एकदाच पडते. गळती असेल तर ऑइल सील आधी बदलावे. पट्टा दुमडू नये, पिळू नये, उलटा वळवू नये. पोटातील काचतंतू तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पट्टा बसत नाही म्हणून पेचकसाने कोरून चढवणे हा तर गुन्हाच समजावा.

पट्ट्याच्या दोन बाजू असतात. क्रँक ज्या बाजूने पट्टा स्वतःकडे ओढतो ती ताठ बाजू; ज्या बाजूने पट्टा त्याच्यापासून सुटतो ती सैल बाजू. टेन्शनर सैल बाजूस असतो. पट्टा क्रँकपासून सुरू करून आधी ताठ बाजूने वर न्यावा, त्या बाजूच्या कॅमवर घालावा, मग दुसऱ्या कॅमवर आणि शेवटी टेन्शनरवर. ताठ बाजूत आणि दोन कॅमच्या मधल्या भागात तसूभरही ढिलाई राहता कामा नये. जी काही ढिलाई आहे ती सगळी टेन्शनरकडे यावी. मधे ढिलाई राहिली तर टेन्शनरने ओढताच कॅम तेवढा फिरतो आणि एक दात चुकतो. मग पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ताण द्यावा आणि टॉर्क पान्याने बोल्ट कसावा. हाताच्या अंदाजाला येथे स्थान नाही. ढिला पट्टा दाते ओलांडतो. अति ताणलेला पट्टा पंपाचे आणि टेन्शनरचे बेअरिंग खातो.

दोन फेरे

आता अडकवलेल्या सर्व पिना आणि पट्ट्या काढाव्यात. खुणा जुळलेल्या आहेत, ताण दिलेला आहे, बोल्ट कसलेले आहेत. येथे पुष्कळ जण चावी फिरवतात. आमचे सांगणे आहे : चावीला हात लावू नये. क्रँकला पाना लावावा आणि नेहमीच्या दिशेने पूर्ण दोन फेरे हाताने फिरवावेत. पुस्तिकेत अधिक फेरे सांगितले असतील तर तितके.

दोनच का? क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा पूर्ण होतो. म्हणजे प्रत्येक झडप एकदा उघडून मिटते आणि प्रत्येक दट्ट्या दोनदा वर येतो. जी टक्कर व्हायची असेल ती या दोन फेऱ्यांत होणारच, पण ती हाताच्या जोराने होईल, स्टार्टरच्या नव्हे. म्हणूनच प्लग काढून ठेवले होते : दाब नसल्याने हाताला जाणवणारा अडथळा हवेचा नाही, धातूचा आहे, हे ओळखता येते. असा कठीण अडथळा आला की थांबावे. जोर लावू नये, थोडे मागे घ्यावे आणि जुळणी पुन्हा तपासावी. हाताने थांबलेली झडप बहुधा वाचते. स्टार्टरने आदळलेली वाचत नाही.

दोन फेऱ्यांनंतर क्रँक टीडीसीवर आणून सर्व खुणा पुन्हा पाहाव्यात. टेन्शनरने ढिलाई ओढून घेतल्यावर एखादा कॅम सरकला असेल तर तो आता दिसेल. एक दात्याने चुकले असेल तर पट्टा उतरवून पुन्हा चढवावा, पुन्हा ताण द्यावा, पुन्हा दोन फेरे. ताणाचा दर्शक पाहायचा तोही आता.

पट्ट्यावर छापलेल्या किंवा रंगाने केलेल्या रेघा मात्र फेऱ्यांनंतर जुळत नाहीत, आणि ते पाहून नवशिका घाबरतो. समजा, क्रँकच्या चाकाला २० आणि पट्ट्याला १३२ दाते आहेत. क्रँकचे ३३ फेरे होतील तेव्हा पट्टा आणि क्रँक आपल्या मूळ जागी एकत्र येतील, आणि कॅमसह तिघे एकत्र येण्यास ६६ फेरे लागतील. पट्ट्यावरील रेघा चढवण्यापुरत्या असतात. फेऱ्यांनंतर पाहायच्या त्या चाकांवरील आणि ठोकळ्यावरील खुणा.

दोन फेरे आणि पुन्हा तपासणी यांस फार वेळ लागत नाही. मग तो का टाळला जातो? ग्राहक दारात उभा असतो, मालक पुढची गाडी आत घेत असतो, आणि ‘वीस वर्षे हेच करतोय’ हा अभिमान असतो. परंतु त्या गाडीचा मालक हप्त्यावर गाडी घेतलेला चालक असेल तर? झडपा वाकल्या की इंजिनाचे हेड उतरवावे लागते. गाडी दिवसेंदिवस उभी राहते, हप्ता उभा राहत नाही. आणि दोष ठरतो तो गॅरेजातील सर्वांत लहान मुलाचा, ज्याला हे दोन फेरे कोणी शिकवलेच नव्हते.

गाडी ज्यांची आहे त्यांच्यासाठी

प्रत्येक वाचक पाना हाती घेणार नाही. पण गाडी अनेकांकडे आहे. आपल्या गाडीत पट्टा आहे की साखळी, आणि पट्टा असेल तर त्याची मर्यादा किती, हे पुस्तिकेत पाहावे. जुनी गाडी घेताना पट्टा केव्हा बदलला याची नोंद मागावी. नोंद नसेल तर बदललेला नाही असेच धरावे. काम करून घेताना जुना पट्टा पाहायला मागावा. टेन्शनर नवा घातला का, हे विचारावे. हाताने फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासल्या का, हेही विचारावे. चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही. त्याला आपले काम समजणारा माणूस भेटल्याचा आनंदच होतो. काम झाल्यावर तारीख आणि किलोमीटर यांची चिठ्ठी इंजिनाजवळ लावून घ्यावी.

चालती गाडी एकाएकी बंद पडली आणि स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, सुळकन फिरू लागला, तर पट्टा तुटल्याचा संभव असतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा चावी फिरवू नये आणि धक्का मारून गाडी चालू करू नये. जी झडप अजून वाचली असेल, ती अशा प्रयत्नांत वाकते.

पाठाचे सार

धम्मवंदनेत धम्माचे एक विशेषण आपली मुले रोज उच्चारतात : एहिपस्सिको. ये आणि स्वतः पाहा, असा त्याचा आशय. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले, की परंपरेने आले म्हणून, अनेकांनी सांगितले म्हणून किंवा आपल्या गुरूचे वचन म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखून, त्याचे फळ हितकारक आहे असे जाणून मगच स्वीकारा. हे वचन विहारापुरते नाही. गॅरेजात परंपरा म्हणजे सवय, गुरू म्हणजे उस्ताद आणि अनेकांचे सांगणे म्हणजे ‘सगळे असेच करतात’. या तिघांचा आदर राखूनही कारागिराने शेवटी आपल्या हाताने क्रँक फिरवून पाहायचा असतो. उस्तादानेच बसवलेला पट्टा असला तरी शिकाऊ मुलाला ‘उस्ताद, दोन फेरे फिरवून पाहू का?’ असे विचारता आले पाहिजे, आणि उस्तादाने ‘पाहा’ असे म्हटले पाहिजे. ज्या कार्यशाळेत हा प्रश्न विचारता येतो, तेथे इंजिने वाचतात आणि माणसेही घडतात.

सम्यक आजीविका म्हणजे केवळ निषिद्ध धंदे टाळणे नव्हे. जो धंदा पत्करला त्यात दुसऱ्याचे नुकसान आपल्या आळसाने होऊ न देणे, हेही तिचे अंग आहे असे आम्ही मानतो. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्या दोन वर्षांत मुलगा किंवा मुलगी अंश, गुणोत्तर, घर्षण, धातू आणि रबर यांचे शास्त्र हाताने शिकते. पालकांनी या शिक्षणाकडे उरलेल्यांची वाट म्हणून पाहू नये. आणि जे माजी विद्यार्थी आज स्वतःचे गॅरेज चालवतात, त्यांनी आपल्याकडे शिकावयास येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवसापासून चावीआधी पाना हाती द्यावा. खुणा जुळल्या असे दिसले तरी दोन फेरे फिरवावेत, पुन्हा पाहावे आणि मगच इंजिन चालू करावे.